कोयत्याला घरच्या घरी धार कशी लावायची? जाणून घ्या सोपी पद्धत

अहिल्यानगर जिल्ह्यात कोयता हे अवजार आहे आणि हिशेबाचे मापही. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे 'एक कोयता', एकटा मजूर म्हणजे 'अर्धा कोयता' आणि संप म्हणजे 'कोयता बंद'. १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि पुढे जिल्ह्यात कारखाने वाढत गेले. पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागातून आजही टोळ्या तोडीला जातात.

धार बोथट झाली तर काय बिघडते?

मजुरी टनावर मिळते. बोथट कोयत्याने एका उसाला दोन-तीन घाव लागतात, म्हणजे दिवसभराची तोड कमी आणि मनगट-खांद्याचे दुखणे जास्त. शिवाय बोथट पाते उसावरून घसरून पायावर येऊ शकते.

शेतकऱ्याचेही नुकसान होते. उसात बुडख्याकडे साखर जास्त असते, म्हणून तोड जमिनीलगत हवी. बोथट कोयत्याने बुडखा फाटतो आणि खोडव्याच्या फुटव्यावर परिणाम होतो.

काय साहित्य लागेल?

- मूठ बसवलेली सपाट कानस
- निसणा (धार लावायचा दगड) आणि पाणी
- जाड हातमोजे, फडके, थोडे तेल
- एक कागद

धार लावण्याची पद्धत

१. कोयता धुऊन कोरडा करा. उसाचा चिकट रस राहिला तर कानशीचे दाते भरतात.

२. कोयता शिकंजात किंवा जड फळीवर घट्ट बसवा. एका हातात कोयता आणि दुसऱ्या हातात कानस धरू नका.

३. कोन ठरवा. कागदाचा काटकोनी कोपरा एकदा दुमडला की ४५ अंश, पुन्हा दुमडला की साधारण २२ अंश होतात. घाव घालायच्या कोयत्याला प्रत्येक बाजूने यापेक्षा किंचित जास्त, म्हणजे २५ अंशांच्या आसपास कोन ठेवा. स्वयंपाकघरातल्या सुरीइतकी पातळ धार उसाच्या कांडीवर लवकर दुमडते.

४. पात्याच्या काठावर स्केचपेनने रेघ ओढा. मुठीकडून टोकाकडे कानस ढकला. परत आणताना उचला, कारण कानस पुढे जातानाच कापते. रेघ सगळीकडे सारखी पुसली गेली, तर कोन बरोबर आहे.

५. दुसऱ्या बाजूला बारीक कोर उलटलेली जाणवली की पाते पालटा आणि तितकेच हात मारा.

६. शेवटी ओल्या निसण्यावर दोन्ही बाजू हलक्या हाताने घासून ती कोर काढा.

धार अंगठ्याने तपासू नका. उसाचे पाचट कापून पाहा. न ओढता कापले गेले, तर धार लागली. फडात दुपारी निसण्याचे चार-पाच हात मारले, तर कानस रोज लागत नाही.

ग्राइंडर वापरावा का?

शक्यतो नको. लोहार पाते तापवून त्याला पाणी देतो, म्हणून ते कडक होते. ग्राइंडरवर काठ तापून निळा पडला की तेवढ्या भागाचा कडकपणा जातो आणि धार टिकत नाही. वापरावाच लागला, तर दर काही सेकंदांनी पाते पाण्यात बुडवा आणि चष्मा लावा.

खुरपे आणि विळ्याचे काय?

खुरपे माती-खड्यांत चालते, त्यामुळे त्याची धार थोडी जाड ठेवा. दातेरी विळ्याच्या दात्यांवर सपाट कानस फिरवू नका, दाते झिजतात. ते काम लोहाराकडे द्या. कोयत्याला खोल खाच किंवा तडा असेल, तरीही लोहारच गाठा.

कापले तर काय करावे?

जखम स्वच्छ पाण्याने धुऊन कोरड्या कापडाने दाबून धरा. रक्त जोरात येत असेल तर धुण्यात वेळ घालवू नका, आधी दाबा. माती, हळद किंवा चुना भरू नका. जखम खोल असेल किंवा पाते गंजलेले, मातीचे असेल, तर लगेच दवाखान्यात जा आणि धनुर्वाताच्या लसीबद्दल विचारा.

काम संपल्यावर पाते पुसून त्यावर तेलाचा हात फिरवा आणि धारेवर गोणपाट गुंडाळा. कोपीवर लहान मुले असतात, त्यामुळे कोयता उंच जागी ठेवा.