घरमंडळी

घरमंडळी : वेगळी चर्चइमारत न बांधता सभासदांपैकी कोणाच्या तरी राहत्या घरी नियमाने उपासनेला जमणारा ख्रिस्ती समूह. कुटुंबाची रोजची प्रार्थना किंवा वाढदिवस, गृहप्रवेश अशा निमित्ताने ठेवलेली प्रार्थनासभा म्हणजे घरमंडळी नव्हे. इथे गीत, वचन, अर्पण आणि बहुधा प्रभुभोजनही घरातच होते आणि जमणारे त्या समूहालाच आपली मंडळी मानतात.

ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या सुमारे तीन शतकांत हीच मुख्य रीत होती. नव्या करारात यजमानांची नावेही आली आहेत : यरुशलेमेतील मरीया (योहान मार्काची आई), फिलिप्पैतील जांभळ्या वस्त्रांची व्यापारी लुदिया, राहुट्या करणारे अक्विल्ला व प्रिस्किल्ला हे दांपत्य, फिलेमोन आणि लावदिकीयाकडची नुंफा. यात स्त्रिया एवढ्या दिसतात याचे नवल नाही; उपासना घरात आली की घर चालवणारीचा शब्दही उपासनेत चालू लागतो.

मात्र त्या काळच्या मंडळीत निखळ समता होती, हा आवडता समज टिकत नाही. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात पौल संतापलेला आहे, कारण प्रभुभोजनाला जमलेल्यांपैकी काही जण खाऊनपिऊन तर्र होत आणि काही उपाशी राहत. काही अभ्यासक याचे कारण घराच्या बांधणीत शोधतात. सधन रोमन घरातील भोजनकक्षात लवंडून जेवणारे नऊ-दहा पाहुणेच मावत. बाकीच्यांना चौकात बसावे लागे. काम उरकून उशिरा येणारे मजूर आणि दास या चौकातच राहत असणार. पंगतीतला भेद मराठी वाचकाला वेगळा समजावून सांगायला नको.

अशा उपासनास्थळाचा सर्वांत स्पष्ट पुरावा सीरियात युफ्रेटिसच्या काठी दुरा-युरोपोस या सरहद्दीवरच्या गावात मिळाला. येल विद्यापीठ व फ्रेंच अकादमी यांच्या उत्खननात 1930 नंतरच्या दोन-तीन वर्षांत तटबंदीलगत एक चौकाचे घर उघडे पडले. 240 च्या सुमारास त्याच्या दोन खोल्यांमधली भिंत पाडून सुमारे 13 मीटर लांब व 5 मीटर रुंद दालन केलेले होते, पूर्वेच्या टोकाला बुटका चौथरा होता. दुसऱ्या एका खोलीत बाप्तिस्म्याचे कुंड होते. त्यावर तारे रंगवलेली छत्री आणि भिंतींवर उत्तम मेंढपाळ, बाज उचलून चालू लागलेला पक्षाघाती, पाण्यावरून चालणारा येशू अशी चित्रे. येशूच्या आज ज्ञात असलेल्या सर्वांत जुन्या चित्रांत यांची गणना होते. बाहेरून मात्र घर शेजारच्या घरांसारखेच राहिले. 256 मध्ये सासानी सैन्याच्या वेढ्याच्या वेळी तट बळकट करण्यासाठी रोमनांनी त्याला लागून असलेल्या इमारतींत माती भरली. त्या भरावानेच चित्रे वाचवली. ती पुढे येलच्या कलासंग्रहालयात गेली. काटेकोरपणे पाहिले तर या फेरबदलानंतर तिथे कोणी राहत नसावे. राहत्या घरातल्या उपासनेची खूण जमिनीत सहसा उरत नाही, कारण जेवण आटोपले की ती पुन्हा जेवणाचीच खोली होते.

313 मध्ये रोमन साम्राज्यात ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळाली आणि मोठी मंदिरे उभी राहू लागली. त्याच शतकात धर्मसभेने बिशप व पाळकांना घरांत प्रभुभोजनविधी करण्यास मनाई केली. ही सभा भरली होती लावदिकीयात, नुंफेच्याच परिसरात!

पुढे घरमंडळी पुनःपुन्हा उगवली ती बहुधा बंदीच्या काळात. इंग्लंडच्या 1664 च्या कायद्याने अधिकृत चर्चबाहेरच्या उपासनेसाठी घरच्या माणसांखेरीज पाच जण जमणेही गुन्हा ठरवले. चीनमध्ये 1966 नंतर सांस्कृतिक क्रांतीत चर्चेस बंद पडली आणि उपासना घरांत शिरली. 1979 पासून चर्चेस उघडू लागली, तरी सरकारी नोंदणी नाकारणाऱ्या मंडळ्या घरांतच राहिल्या.

महाराष्ट्रात जुन्या मिशनांच्या चर्चेसमध्येही घरोघरी प्रार्थनासभा होतात. स्वतंत्र घरमंडळ्या मुख्यतः शहरी वस्त्यांत आणि छोट्या गावांत दिसतात. दाराबाहेर चपला, खाली सतरंजी, ढोलकी-टाळांवर भजने, मग साक्षी, प्रार्थनेच्या विनंत्या, वचन आणि शेवटी चहा असा साधारण क्रम असतो. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजने इथे खुर्च्यांच्या ओळींपेक्षा अधिक शोभतात. आजारपण, नोकरी जाणे, घरातले भांडण अशा गोष्टी मोठ्या चर्चमध्ये क्वचित बोलल्या जातात. इथे त्या नावानिशी बोलल्या जातात आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी डबा घेऊन पोचते.

याच जवळिकीची दुसरी बाजूही आहे. घर ज्याचे त्याचे वजन वाढते. तोच पाळक असला तर अधिकच. अर्पणाचा हिशेब आणि दिली जाणारी शिकवण तपासायला बाहेरचे कोणी नसणे, ही या पद्धतीची सर्वांत मोठी उणीव आहे.