एकमाणशी मासेमारी होडी

एकमाणशी मासेमारी होडी म्हणजे एका व्यक्तीने वल्हवून जाळे लावण्यासाठी, ते काढण्यासाठी किंवा गळ टाकण्यासाठी वापरायचे लहान तरते साधन होय. गोड्या पाण्यातील मासेमारीत या प्रकारात ट्रकच्या हवा भरलेल्या ट्यूबपासून साच्यात घडवलेल्या प्लॅस्टिक कयाकपर्यंत अनेक साधने मोडतात. प्रस्तुत लेखात गोदावरीच्या मराठवाड्यातील खोऱ्यात, विशेषतः परभणी जिल्ह्यातील पाथरी परिसरात, अल्प भांडवलावर पहिली होडी निवडताना विचारात घ्यावयाच्या बाबींची माहिती दिली आहे.

पाणी आणि परिसर

पाथरी तालुक्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते. पलीकडच्या काठावर काही भागात बीड जिल्हा आहे. तालुक्यात नदीवर ढालेगाव, तारुगव्हाण व मुदगल येथे दरवाजे असलेले उच्च पातळी बंधारे आहेत. या बंधाऱ्यांमुळे एकेकाळी हिवाळ्यानंतर आटणाऱ्या पात्रात लांबच लांब, खोल आणि बऱ्यापैकी संथ पाणी साठून राहते. रोहू, कटला, मृगळ, मरळ, वाम व चिलापी हे येथील परिचित मासे होत. मासेमारी हा प्रामुख्याने भोई समाजाचा परंपरागत व्यवसाय आहे.

पात्र उथळ असताना काठावरून किंवा कमरेइतक्या पाण्यात उभे राहून फेकजाळे टाकता येते. साठलेल्या खोल पाण्यात तंगुसाचे जाळे उभे लावायचे असल्यास मात्र तरते साधन लागतेच, आणि पहिल्या होडीचा प्रश्न येथे उद्भवतो. पावसाळ्यात बंधाऱ्यांचे दरवाजे उघडले किंवा पैठणच्या जायकवाडी धरणातून विसर्ग वाढवला की हेच संथ पाणी काही तासांत वेगवान होते. संथ पाण्यात पुरेसे वाटणारे साधन त्या वेळी वल्ह्याला दाद देत नाही.

प्रचलित साधने

ट्रकची ट्यूब हे सर्वांत स्वस्त साधन. दहा इंच रुंदीच्या टायरमधील ट्यूब पूर्ण फुगवली असता तिचे घनफळ ढोबळमानाने १५० लिटर भरते, म्हणजे ती पूर्ण बुडेपर्यंत जवळपास १५० किलो भार पेलू शकते. ६५ किलोचा माणूस, १० किलोचे ओले जाळे व १५ किलो मासळी मिळून ९० किलो होतात, हिशेब जमतो. तथापि ट्यूबमध्ये हवेचा कप्पा एकच असतो. बाभळीचा काटा, बुडालेल्या झाडाची फांदी किंवा शिंगाळ्याचा काटा लागला की १५० लिटरचे शून्य होते, आणि तेही बहुधा काठापासून सर्वांत दूर असताना.

थर्माकोलचा तराफा याबाबतीत सरस ठरतो. दोन मीटर लांब, एक मीटर रुंद व दहा सेंटिमीटर जाड थराचे घनफळ २०० लिटर होते, स्वतःचे वजन जेमतेम तीन-चार किलो असते, आणि छिद्र पडले तरी तो बुडत नाही. त्याचा दोष वेगळा आहे. मराठवाड्यातील चाळीस अंशांवरच्या उन्हाने तो ठिसूळ होतो, दाब पडेल तेथे तुटतो आणि त्याचे दाणे पाण्यात मिसळतात. प्लॅस्टिकच्या पोत्यात शिवून बांबूच्या चौकटीत आवळल्यास तो अधिक टिकतो. अशा तराफ्यांवर केवळ मासेमारी होत नाही: छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील भिव धानोरा येथील विद्यार्थी जायकवाडीच्या फुगवट्याचे पाणी थर्माकोलवरून ओलांडून शाळेत जात असल्याची बातमी २०२३ मध्ये राज्यभर गाजली होती.

गूळ तयार करण्याची लोखंडी काहील पश्चिम महाराष्ट्रात होडीसारखी वापरली जाते. गोल तळामुळे ती जागच्या जागी फिरते. लोखंडाला स्वतःची तरणशक्ती नसल्याने पाणी भरताच ती सरळ तळाशी जाते. पत्र्याच्या होडीलाही हाच दोष लागू पडतो. कर्नाटकात तुंगभद्रेवर वापरली जाणारी बांबूची गोल होडी दिसायला काहिलीसारखी असली, तरी बांबू तरत असल्याने ती तुलनेने सुरक्षित असते. पूर्व विदर्भातील डोंगा खोड कोरून करतात; योग्य जाडीच्या झाडाअभावी आज तो नव्याने घडवणे परवडत नाही.

फायबरची होडी टिकाऊ आणि दुरुस्तीस सोपी असते, परंतु पहिल्या खरेदीच्या आवाक्याबाहेर जाते. कयाक ही मूळची आर्क्टिक प्रदेशातील इन्युइट लोकांची, सीलच्या कातड्याने मढवलेली नाव. मासेमारीसाठी आज विकली जाणारी कयाक बहुधा पॉलिथिलीनची, पोकळ व वर बसण्याची असते. तिची लांबी साधारण तीन ते साडेतीन मीटर, रुंदी ७५ ते ८५ सेंटिमीटर आणि वजन २५ ते ३५ किलो असते. गळाने मासे पकडणाऱ्यास ती सोयीची आहे. जाळ्याच्या मासेमारीस तितकी नाही, कारण तिच्या कड्या, हुक व खाचांत तंगूस अडकते आणि ओले जाळे ठेवण्यास जागा अपुरी पडते.

निवडीचे निकष

कमी खर्चातील होडीची तुलना सामान्यतः किमतीवरून केली जाते. अधिक उपयुक्त कसोटी म्हणजे साधनाचा एक भाग निकामी झाल्यावर ते माणसाला तरंगत ठेवते किंवा नाही, ही होय. २०० लिटर तरणशक्ती एकाच फुगवलेल्या पिशवीत असणे आणि ५० लिटरच्या चार बंद कॅनमध्ये असणे यांत मोठा फरक आहे. चारपैकी एक कॅन फुटला तरी १५० लिटर उरतात. तराफा एका कोपऱ्यात कलतो, पण बुडत नाही. जुने प्लॅस्टिक कॅन व बांबू यांपासून असा तराफा ट्यूबपेक्षा थोड्याच अधिक खर्चात बांधता येतो. कॅन रसायनाचे असल्यास ते आधी नीट धुतलेले असावेत आणि धुतलेले पाणी नदीत जाऊ नये. पत्र्याच्या होडीतही दोन्ही टोकांना थर्माकोल किंवा बंद कॅन घट्ट बांधल्यास हाच लाभ मिळतो.

स्थैर्य प्रामुख्याने रुंदीवर अवलंबून असते. जाळे नेहमी एका बाजूने ओढले जाते, त्यामुळे अरुंद साधन त्याच बाजूला कलंडते. उभे राहून फेकजाळे टाकण्यास ट्यूब व बहुतेक कयाक अयोग्य आहेत. उत्पादकाने दिलेली भारक्षमता ही कमाल मर्यादा असते. प्रत्यक्ष भार तिच्या दोन-तृतीयांशपर्यंत ठेवण्याची प्रथा आहे. वजनाचा विचार पाण्याबाहेरही करावा लागतो. सायकलवर किंवा खांद्यावर नेता न येणारी होडी काठावरच ठेवावी लागते, आणि तेथे ती उन्हाने, पुराने किंवा चोरीने जाऊ शकते.

जुनी फायबर होडी घेताना ती पाण्यात सोडून तासभर भार ठेवून पाहणे, तळाच्या भेगा व सांधे तपासणे आणि दोन थरांमध्ये पाणी मुरून वजन वाढले आहे काय हे पाहणे आवश्यक ठरते.

लाइफ जॅकेट हा जोडखर्च न मानता होडीच्या किमतीचाच भाग मानावा लागतो. पोहता येणाऱ्या व्यक्तीलाही पायात तंगूस अडकल्यास पोहण्याचा उपयोग होत नाही. जाळे कापण्यासाठी कमरेला लहान सुरी बाळगणे त्यामुळेच गरजेचे आहे. दरवाजे चालू असताना बंधाऱ्याच्या वरच्या व खालच्या दोन्ही बाजूंस होडी नेणे धोक्याचे असते: वरच्या बाजूला पाणी दरवाजाकडे ओढते, तर खालच्या बाजूचा भोवरा तरंगती वस्तू आत खेचून धरतो.

हक्क आणि अर्थसाहाय्य

महाराष्ट्रातील जलाशयांत मासेमारीचा ठेका प्रामुख्याने मच्छीमार सहकारी संस्थांना दिला जातो. त्यामुळे संस्थेचे सदस्यत्व किंवा परवानगी नसलेल्या व्यक्तीची होडी कितीही चांगली असली तरी निरुपयोगी ठरू शकते, आणि ही चौकशी खरेदीपूर्वी करणे हिताचे असते. जायकवाडी जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य असल्याने तेथे वन्यजीव कायद्याचे निर्बंधही लागू होतात.

२०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत लाभार्थीकेंद्री घटकांसाठी सर्वसाधारण प्रवर्गास घटक खर्चाच्या ४० टक्के, तर महिला, अनुसूचित जाती व जमातींना ६० टक्के अनुदानाची तरतूद करण्यात आली. याच योजनेतील समूह अपघात विम्यात मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी ५ लाख रुपये, कायमच्या अंशतः अपंगत्वासाठी २.५ लाख रुपये आणि रुग्णालयातील उपचारांसाठी २५ हजार रुपयांपर्यंत संरक्षण ठेवण्यात आले. किसान क्रेडिट कार्डाची सुविधाही मत्स्यव्यवसायास लागू आहे. ट्यूब किंवा घरगुती तराफ्यास मात्र अनुदानाचा फारसा उपयोग होत नाही, कारण त्यासाठी अधिकृत विक्रेत्याचे देयक जोडावे लागते.