नळमार्ग सुरक्षा व लोकजागृती

खनिज तेल, त्याचे पदार्थ व नैसर्गिक वायू यांची वाहतूक करणाऱ्या भूमिगत नळमार्गांलगत अनेक लोक राहतात. त्यांना नळमार्गाचे अस्तित्व, त्यापासून संभवणारे धोके, गळतीची लक्षणे व गळती झाल्यास करावयाच्या गोष्टी यांची माहिती देणे हे नळमार्ग चालविणाऱ्या कंपनीवर कायद्याने घातलेले कर्तव्य होय. या कर्तव्याचा व त्याच्या अंमलबजावणीचा सर्वांत विस्तृत इतिहास अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत (यापुढे अमेरिका) आढळतो. नळाची जाडी, जोडाची मजबुती वा झडपांची स्थिती तपासनीसाला उपकरणांनी पडताळता येते. लोकांना काय ठाऊक आहे, हे मात्र कंपनीच्या दप्तरावरून कळत नाही. पत्रके धाडली म्हणजे कर्तव्य संपले की लोकांना समजले म्हणजे संपले, हा प्रश्न या इतिहासाच्या मुळाशी आहे.

पार्श्वभूमी : नैसर्गिक वायूला स्वाभाविकपणे वास नसतो. १८ मार्च १९३७ रोजी टेक्सस राज्यातील न्यू लंडन येथील शाळेच्या तळघरात साठलेल्या अशा वायूचा स्फोट होऊन सु. ३०० जण मृत्यू पावले. त्यांत बहुसंख्य विद्यार्थी होते. गळती होत असल्याचे कोणालाही जाणवले नव्हते. यानंतर टेक्ससने वायूत उग्र वासाचे द्रव्य मिसळण्याची सक्ती केली व पुढे ही पद्धत सर्वत्र रूढ झाली. वास ही सामान्य माणसाला मिळालेली पहिली सार्वजनिक सूचना होय. तथापि तिला मर्यादा आहेत. ग्रामीण भागातून जाणाऱ्या अनेक पारेषण नळमार्गांतील वायूला वास दिलेला नसतो, तर कच्च्या तेलाचा वास घरगुती वायूच्या वासाहून वेगळा असल्यामुळे तो ओळखता येत नाही. म्हणून जमिनीतून येणारा फूत्कार, उडणारी धूळ, पाण्यातील बुडबुडे, पृष्ठभागावरील तेलकट तवंग, हिरव्या पट्ट्यात अकारण वाळलेली झाडे इ. लक्षणे लोकांना शिकविणे आवश्यक ठरते.

४ मार्च १९६५ रोजी लुइझिॲना राज्यातील नॅकिटॉश गावाजवळ वायूचा पारेषण नळमार्ग फुटून १७ जण दगावले. त्यानंतर १९६८ मध्ये नैसर्गिक वायू नळमार्ग सुरक्षा अधिनियम व १९७९ मध्ये धोकादायक द्रवांच्या नळमार्गांसाठी स्वतंत्र अधिनियम संमत झाला. ग्राहक, सामान्य जनता, शासकीय संस्था व खोदकाम करणारे यांना संकट ओळखता यावे, म्हणून कंपन्यांनी सतत शिक्षण कार्यक्रम चालवावा, असा नियम १९७०–८० या दशकातच विनियमांत आला. परंतु किती लोकांना, किती वेळा व काय सांगावे, हे त्यात नव्हते आणि सांगितलेले कळले की नाही, याची चौकशी करण्याची सोयही नव्हती. त्यामुळे कर्तव्य होते. पण त्याचे माप नव्हते.

२००२ चा अधिनियम : १० जून १९९९ रोजी वॉशिंग्टन राज्यातील बेलिंगहॅम येथे सु. ४० सेंमी. व्यासाच्या नळमार्गातून सु. ९ लक्ष लि. पेट्रोल ओढ्यात वाहून पेटले. त्यात दहा वर्षांची दोन मुले व एक अठरा वर्षांचा तरुण प्राणास मुकले. नळाला पाच वर्षांपूर्वी खोदकामात इजा झाली होती. १९ ऑगस्ट २००० रोजी न्यू मेक्सिकोतील कार्ल्सबाडजवळ वायूचा नळमार्ग फुटून पेकोस नदीकाठी तळ ठोकून राहिलेल्या बारा जणांचा मृत्यू झाला. बेलिंगहॅमच्या रहिवाशांनी चळवळ उभारली आणि कंपन्यांना झालेल्या फौजदारी दंडातील ४० लक्ष डॉलर देऊन न्यायालयाने नळमार्ग सुरक्षेसाठी एका स्वतंत्र लोकन्यासाची तरतूद केली.

या घटनांनंतर डिसेंबर २००२ मध्ये नळमार्ग सुरक्षा सुधारणा अधिनियम झाला. खोदण्यापूर्वी सूचना देणे, अनपेक्षित गळतीचे धोके, गळतीची दृश्य लक्षणे, घ्यावयाची काळजी व घटना कळविण्याची रीत या विषयांवरील शिक्षण प्रत्येक कंपनीवर बंधनकारक झाले आणि आपला कार्यक्रम शासनास सादर करणेही आवश्यक ठरले. दंडाची कमाल मर्यादा प्रत्येक उल्लंघनासाठी दिवसाला २५ हजार डॉलरवरून एक लक्ष डॉलर करण्यात आली. संबंधित उल्लंघनांच्या मालिकेसाठी ती दहा लक्ष डॉलर झाली. २०१२ च्या आरंभी संमत झालेल्या अधिनियमाने हे आकडे दुप्पट केले.

मानक व विनियम : कार्यक्रमाचा तपशील शासनाने स्वतः लिहिला नाही. तेल उद्योगाची संघटना असलेल्या अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने डिसेंबर २००३ मध्ये ‘शिफारस केलेली पद्धती १९६२’ या नव्हे, तर ‘११६२’ या क्रमांकाने प्रसिद्ध केलेल्या दस्तऐवजाचा मे २००५ मध्ये संघीय विनियमांत समावेश करण्यात आला. अशा रीतीने उद्योगाने स्वतःसाठी केलेली शिफारस कायदा बनली. यातील एक परिणाम ध्यानात घेण्याजोगा आहे. उद्योगाने दस्तऐवजात सुधारणा केली, तरी शासनाने ती स्वीकारेपर्यंत कायदा बदलत नाही. २०१० मध्ये निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीचा विनियमांत समावेश झाला नाही.

या मानकात चार श्रोतृवर्ग मानले आहेत : (१) नळमार्गालगतचे रहिवासी, (२) अग्निशामक दल, पोलीस इ. आपत्कालीन सेवा, (३) स्थानिक लोकप्रतिनिधी व अधिकारी आणि (४) खोदकाम करणारे. पारेषण नळमार्गाच्या कंपनीने रहिवाशांना निदान दोन वर्षांतून एकदा, आपत्कालीन सेवांना व खोदकाम करणाऱ्यांना दरवर्षी आणि स्थानिक अधिकाऱ्यांना तीन वर्षांतून एकदा माहिती द्यावयाची असते. हे किमान प्रमाण होय. दाट वस्ती, वारंवार होणारे खोदकाम अशा परिस्थितीत अधिक प्रयत्न अपेक्षित असतात. मानकातील एखादी बाब गाळावयाची असल्यास तिची कारणे लेखी द्यावी लागतात. परिसरात इंग्रजी न जाणणाऱ्यांची संख्या लक्षणीय असेल, तर त्यांच्या भाषेतही माहिती देणे बंधनकारक आहे. न समजणाऱ्या भाषेतील सूचना ही सूचनाच नव्हे, हे तत्त्व यात मान्य झालेले दिसते.

संदेशाचा गाभा साधा आहे : गळतीचा संशय येताच पायी, वाऱ्याच्या उलट दिशेने दूर जावे, मोटार, विजेचे बटण वा आगकाडी वापरू नये, झडपा स्वतः फिरवू नयेत, सुरक्षित अंतरावर पोहोचल्यावरच ९११ या क्रमांकावर व कंपनीला कळवावे. खोदण्यापूर्वी भूमिगत नळ व तारा दाखवून घेण्यासाठी २००७ पासून ८११ हा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक सुरू झाला. त्यापूर्वी निरनिराळ्या राज्यांत निरनिराळे क्रमांक होते.

अंमलबजावणी : २००४ च्या अधिनियमाने संघीय परिवहन खात्यात नळमार्ग व धोकादायक पदार्थ सुरक्षा प्रशासन स्थापन झाले. आंतरराज्य नळमार्गांची तपासणी मुख्यत्वे हे प्रशासन करते, तर राज्यांतर्गत नळमार्ग बहुतांशी प्रमाणित राज्य संस्थांकडे असतात. लेखी कार्यक्रम अपुरा आढळल्यास दुरुस्तीची नोटीस, किरकोळ उणिवेसाठी ताकीद आणि संभाव्य उल्लंघनाच्या नोटिशीनंतर अनुपालन आदेश वा दंड अशी साधने प्रशासनाच्या हाती आहेत. कंपनीला आपले म्हणणे मांडण्याचा अधिकार असतो.

तपासणीचे दोन टप्पे असतात. पहिल्यात कार्यक्रम लिहिला आहे की नाही व त्याप्रमाणे पत्रव्यवहार झाला की नाही, हे पाहिले जाते. दुसरा टप्पा परिणामकारकतेचा असतो. कंपनीने दरवर्षी अंमलबजावणीचे आणि निदान चार वर्षांतून एकदा परिणामाचे मूल्यमापन करावयाचे असते. त्यासाठी किती लोकांपर्यंत माहिती पोहोचली, ती किती जणांना समजली, त्यांच्या वर्तनात इष्ट फरक पडला का आणि अपघात व खोदकामातील इजा कमी झाल्या का, असे चार निकष आहेत. पहिला निकष टपालाच्या पावतीवरून सिद्ध होतो. बाकीच्यांसाठी लोकांनाच विचारावे लागते. नळमार्गाचे माहितीपत्रक जाहिरातींच्या ढिगाबरोबर टाकून दिले गेले, तरी दप्तरात ते ‘पाठविले’ असेच नोंदले जाते. अंमलबजावणीतील खरी अडचण येथेच आहे.

तीन दुर्घटनांचे धडे : १ नोव्हेंबर २००७ रोजी मिसिसिपी राज्यातील कार्माइकल येथे सु. ३० सेंमी. व्यासाचा नळमार्ग फुटून सु. १६ लक्ष लि. द्रव प्रोपेन बाहेर पडले. वायूचा ढग पेटून दोघांचा मृत्यू झाला व चार घरे नष्ट झाली. राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाच्या २००९ च्या अहवालात कंपनीच्या लोकशिक्षण कार्यक्रमावरील देखरेखीत उणिवा आढळल्या. परिसरातील काही घरांपर्यंत माहितीपत्रके पोहोचलीच नव्हती. कंपन्यांचे कार्यक्रम व त्यांची स्वमूल्यमापने शासनाने तपासावीत, अशी शिफारस मंडळाने केली.

२५ जुलै २०१० रोजी मिशिगन राज्यातील मार्शल येथे सु. ७६ सेंमी. व्यासाचा कच्च्या तेलाचा नळमार्ग सायंकाळी सहाच्या सुमारास फुटला. रात्री साडेनऊच्या आधीपासून उग्र वासाच्या तक्रारी ९११ क्रमांकावर येऊ लागल्या. अग्निशामक दलाने शोध घेतला. परंतु वास कच्च्या तेलाचा आहे व जवळून तेलाचा नळमार्ग जातो, हे त्यांच्या ध्यानात आले नाही. दूरच्या नियंत्रण कक्षात दाब घटल्याच्या सूचनांचा अर्थ चुकीचा लावला गेला आणि नळमार्ग दोनदा पुन्हा सुरू करण्यात आला. सतरा तासांनंतर एका स्थानिक वायू कंपनीच्या कर्मचाऱ्याने तेल पाहून नियंत्रण कक्षास कळविले, तेव्हा गळती उघडकीस आली. एकूण सु. ३२ लक्ष लि. तेल सांडले; त्यांपैकी सु. ८१ टक्के दोन वेळा नळमार्ग सुरू केल्यामुळे बाहेर पडले. अग्निशामकांनी फुटलेला नळ ओळखून कंपनीस कळविले असते, तर कदाचित नळमार्ग पुन्हा सुरू झाला नसता, असे मंडळाने २०१२ च्या अहवालात नमूद केले. येथे नागरिकांनी दूरध्वनी करून आपले काम केले होते. तक्रार ज्यांच्याकडे आली, त्यांना पुरेशी माहिती नव्हती. लोकजागृतीचा अभाव तेलाच्या प्रमाणात मोजता आला, असे हे ठळक उदाहरण होय.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, ९ सप्टेंबर २०१० रोजी कॅलिफोर्नियातील सॅन ब्रूनो येथे वस्तीखालील वायूचा पारेषण नळमार्ग फुटून आठ जण मृत्युमुखी पडले व ३८ घरे नष्ट झाली. वायूचा प्रवाह थांबविण्यास ९५ मिनिटे लागली. आपल्या हद्दीतून एवढा मोठा नळमार्ग जातो, याची कल्पना स्थानिक अग्निशामक दलाला नव्हती. नळमार्गाचा व्यास, दाब, वाहून नेला जाणारा पदार्थ इ. नेमकी माहिती कंपन्यांनी आपत्कालीन सेवांना द्यावी, असा आग्रह यानंतर मंडळाने धरला. या दुर्घटनांमुळे परिणामकारकतेच्या तपासणीकडे प्रशासनाचे लक्ष अधिक वेधले गेले.

गुप्तता व माहिती : ११ सप्टेंबर २००१ च्या दहशतवादी हल्ल्यांनंतर राष्ट्रीय नळमार्ग नकाशे सामान्य जनतेसाठी बंद करण्यात आले. पुढे ते मर्यादित तपशिलासह पुन्हा खुले झाले. त्यांत पारेषण नळमार्ग दिसतात, पण शहरातील वितरणाचे नळ दिसत नाहीत. घातपाताची भीती व शेजाऱ्याचा जाणून घेण्याचा हक्क यांचा मेळ घालणे ही या क्षेत्रातील कायमची समस्या आहे.

भारत : भारतात नळमार्गासाठी जमीन वापरण्याचा हक्क पेट्रोलियम व खनिज नळमार्ग अधिनियम, १९६२ अन्वये संपादन केला जातो. जमीन मूळ मालकाकडेच राहते. मात्र त्या पट्ट्यात इमारत, विहीर वा तळे बांधण्यास व झाडे लावण्यास मनाई असते. मुंबई हायचा वायू उरण येथे किनाऱ्यावर येतो व तेथून नळमार्गांनी पुढे जातो. त्यामुळे महाराष्ट्रातही हा प्रश्न लोकवस्तीशी निगडित आहे. २००६ च्या अधिनियमाने पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळाची तरतूद झाली व २०१० मध्ये आपत्कालीन प्रतिसाद आणि आपत्ती व्यवस्थापन आराखड्यांचे विनियम आले. २७ जून २०१४ रोजी आंध्र प्रदेशातील नगरम् येथे वायूच्या नळमार्गातील गळती पेटून वीसहून अधिक लोकांचा मृत्यू झाला, तेव्हा वस्ती व नळमार्ग यांच्या सान्निध्याचा प्रश्न तीव्रतेने पुढे आला. खोदण्यापूर्वी भूमिगत मालमत्तेच्या मालकांस सूचना देता यावी, म्हणून मार्च २०२३ मध्ये केंद्र शासनाने भ्रमणध्वनीवरील एक सुविधा सुरू केली.

मूल्यमापन : नळमार्ग जमिनीखाली असल्यामुळे तो विसरला जातो, हा त्याचा गुण व तोच त्याचा धोका होय. अमेरिकेच्या अनुभवावरून असे दिसते की, कर्तव्य लिहून ठेवणे ही पहिली पायरी, त्याचे माप ठरविणे ही दुसरी आणि ते माप ऐकणाऱ्याच्या आकलनाला लावणे ही तिसरी होय. पहिल्या दोन पायऱ्या कायद्याने गाठता आल्या. तिसरीसाठी तपासनीसाला कंपनीच्या कचेरीतून बाहेर पडून नळमार्गालगतच्या घरी व अग्निशामक केंद्रात जाऊन विचारावे लागते. दंडामुळे कंपनी पत्रके पाठविते. ती समजतील अशी व्हावीत, यासाठी मात्र दंडाइतकीच या चौकशीची गरज असते.