नावांचा प्रवास : बालाघाट ते व्हिएन्ना

बालाघाट म्हटले की मराठवाड्यातील श्रोत्यांना बीड-धाराशिवकडची डोंगररांग आठवेल. वऱ्हाडातील जुन्या मंडळींना दुसराच बालाघाट ठाऊक असे. बुलढाणा, वाशीम आणि यवतमाळकडचा उंचावरचा मुलूख तो बालाघाट, आणि अकोला-अमरावतीकडची सखल, काळ्या मातीची पट्टी तो पाईनघाट. तिसरा बालाघाट आहे मध्य प्रदेशात, गोंदियाच्या उत्तरेस, वैनगंगेच्या काठी. आज त्या तिसऱ्या बालाघाटाच्या निमित्ताने काही नावांची कुळकथा सांगावयाची आहे.

प्रथम खुद्द बालाघाट या नावाकडे वळू. हे नाव इतके देशी वाटते की त्याची चौकशी करावी असे कोणाच्या मनातही येत नाही. परंतु त्यातला 'घाट' तेवढा आपला. 'बाला' हा शब्द फारसी असून त्याचा अर्थ 'वरचा' असा आहे. 'पाईन' म्हणजे खालचा, तोही फारसीच. गडाच्या सर्वांत उंच भागाला आपण बालेकिल्ला म्हणतो, त्यातला 'बाले' हाच. तेव्हा बालाघाट म्हणजे घाटावरचा प्रदेश. फारसी ही दरबारची भाषा असताना महसुलाच्या दप्तरांतून अशी नावे रूढ झाली आणि ती बोलणारे दरबार लयाला गेल्यावरही टिकून राहिली.

वैनगंगेकाठचा हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. नागपूरचे राज्य खालसा झाल्यानंतर, १८६७ च्या सुमारास, इंग्रज अधिकाऱ्यांनी भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे काही भाग जोडून एक नवा जिल्हा उभा केला. बैहरचे जंगलाने भरलेले पठार वसवावे, तेथे शेती वाढावी, हा त्यामागील हेतू होता. त्या घाटावरच्या पठारावरून जिल्ह्याला बालाघाट हे नाव मिळाले. जिल्ह्याचे ठाणे मात्र खाली मैदानात होते आणि त्या गावाचे नाव होते बुढा. पुढे कचेरीच्या कागदांवरचे जिल्ह्याचे नावच गावाला चिकटले आणि बुढा हे नाव मागे पडले. अशा रीतीने 'घाटावरचे' असे नाव धारण करणारे शहर आज घाटाच्या पायथ्याशी वसलेले आहे.

तेथील लोक याची एक निराळी कथाही सांगतात. या भागात बारा घाट आहेत, म्हणून मूळ नाव बाराघाट असे सुचविले होते. ते मंजुरीसाठी कलकत्त्याला गेले आणि तेथील कचेरीत 'र'चा 'ल' झाला, अशी ती कथा. कथा गोड आहे. परंतु बालाघाट-पाईनघाट ही जोडी वऱ्हाडात त्यापूर्वीच नांदत होती, हे ध्यानी घेता कलकत्त्याच्या कारकुनावर हा आळ घेण्याचे कारण दिसत नाही.

आता दुसरे नाव पाहू. बालाघाट शहरालगत भरवेली येथे मँगेनीजची मोठी भूमिगत खाण आहे. मध्य प्रांतातील मँगेनीजसाठी १८९६ साली एक विलायती कंपनी स्थापन झाली. तिचा वारसा १९६२ पासून नागपुरात मुख्य कचेरी असलेल्या 'मॉइल' या सरकारी कंपनीकडे आहे. मँगेनीजवाचून उत्तम पोलाद होत नाही, म्हणून या काळ्या दगडाला जगभर मागणी असते.

या खनिजांचा कसून अभ्यास भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातील लुईस ली फर्मर यांनी केला आणि १९०९ साली त्यावर एक प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला. मँगेनीजच्या थरांसोबत त्यांना एक विशिष्ट खडक आढळला. गारगोटी आणि मँगेनीजयुक्त तामडी, म्हणजेच गार्नेट, यांचा तो बनलेला असतो. प्राचीन जलाशयांच्या तळाशी साचलेल्या गाळाचे उष्णतेने आणि दाबाने रूपांतर होऊन तो घडला. या खडकाला नाव काय द्यावे? फर्मर यांनी येथील गोंड लोकांवरून त्याला 'गोंडाइट' म्हटले. शंभर कोटी वर्षांहून जुन्या असलेल्या या खडकाला आज आफ्रिकेतील खाणीत काम करणारा भूवैज्ञानिकही याच नावाने ओळखतो.

याहून मोठा प्रवास तिसऱ्या नावाचा आहे. गोंड राजांच्या या विस्तीर्ण प्रदेशाला गोंडवन म्हणत. गढा-मंडल्याची राणी दुर्गावती १५६४ साली मोगल फौजेशी लढताना धारातीर्थी पडली, ती याच गोंडवनाची राणी. त्यानंतर तीनशे वर्षांनी हेन्री बेनेडिक्ट मेडलीकॉट हे भूवैज्ञानिक नर्मदेच्या दक्षिणेकडील खडकांचा अभ्यास करीत होते. तेथील दगडी कोळशाच्या थरांना त्यांनी १८७२ साली 'गोंडवाना' हे नाव दिले, आणि १८७६ साली ओट्टोकार फाइस्टमांटेल यांनी ते छापून प्रसिद्ध केले. आपल्या चंद्रपूर-बल्लारपूरकडचा कोळसा याच थरांतला.

या थरांत जिभेच्या आकाराच्या एका पानाचे जीवाश्म सापडतात. ग्लॉसोप्टेरिस हे त्या लुप्त वनस्पतीचे नाव. तशीच पाने समुद्रापार दक्षिण आफ्रिकेतही सापडली. झाडे तर समुद्र पोहून जात नाहीत! तेव्हा व्हिएन्ना येथील प्राध्यापक एडुआर्ड झ्यूस यांनी १८८५ साली असे मांडले की आफ्रिका, मादागास्कर आणि भारत हे एकेकाळी एकाच विशाल भूखंडाचे भाग असले पाहिजेत. त्या भूखंडाला त्यांनी गोंडवानालँड असे नाव दिले. पुढे दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका यांचाही त्यात समावेश झाला. १९१२ साली दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे सोबती बर्फात मरण पावले. त्यांच्या सामानात सुमारे १६ किलो दगड सापडले. प्राण जाईतो त्यांनी ते टाकले नव्हते. त्यांत ग्लॉसोप्टेरिसचे ठसे होते. बर्फाच्या त्या निर्जन खंडालाही अशा रीतीने सातपुड्याच्या वनवासी लोकांचे नाव जाऊन भिडले.

श्रोतेहो, येथवरची हकीकत अभिमानाची वाटेल. परंतु एक गोष्ट सांगावयाची राहिली. ज्यांचे हे नाव, ते लोक स्वतःला गोंड म्हणत नाहीत. आपल्या भाषेत ते स्वतःला 'कोइतूर' म्हणतात. गोंड हे नाव इतरांनी त्यांना दिलेले. म्हणजे जिल्ह्याचे नाव दरबारी फारसीतून आले, खडकाचे नाव इंग्रज शास्त्रज्ञाने ठेवले, भूखंडाचे व्हिएन्नाच्या प्राध्यापकाने. आणि या सर्वांच्या मुळाशी असलेले नावही शेजाऱ्यांनी ठेवलेले. नाव ठेवण्याचा अधिकार कोणाच्या हाती होता, हे यावरून स्पष्ट होते.

२०११ च्या जनगणनेत सुमारे २९ लाख लोकांनी गोंडी ही आपली मातृभाषा म्हणून नोंदविली. तरीही राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत तिला अद्याप स्थान मिळालेले नाही. जगातील प्रत्येक भूगोलाच्या पुस्तकात ज्यांचे नाव छापले जाते, त्यांची भाषा त्यांच्याच गावच्या शाळेत क्वचितच ऐकू येते.

तेव्हा यापुढे घरातील विद्यार्थ्याने गोंडवानालँडचा धडा वाचावयास घेतला, तर त्याला बालाघाटच्या डोंगरांविषयी जरूर सांगावे. आणि त्यासोबत 'कोइतूर' हा एक शब्दही त्याला शिकवावा. त्या लोकांनी स्वतःसाठी निवडलेले नाव तेच आहे.