ललाटलेख आणि रुपेरी पडदा

मूल जन्मल्यावर सहाव्या रात्री सटवाई येते आणि त्याच्या कपाळी त्याचे भविष्य लिहून जाते, अशी आपल्याकडील जुनी समजूत आहे. त्या रात्री पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवण्याची रीत माझ्या आजीने अखेरपर्यंत पाळली. पुढे नोकरीनिमित्त मी रायपूरला आलो. छत्तीसगडातही घरोघर मुलाची छठी होते, आणि दैवाला येथील माणसे 'करम' म्हणतात. शब्द निराळा, पण बोट टेकते ते कपाळावरच!

काही वर्षांपूर्वी एका वृद्ध शेतकऱ्याचे प्रकरण माझ्यापुढे आले. नुकसानभरपाईच्या यादीतून त्याचे नाव गळले होते, आणि तीन वर्षे त्याने साधी चौकशीही केली नव्हती. कारण विचारले तेव्हा तो कपाळाला बोट लावून एवढेच म्हणाला, "करम म लिखे रहिस." यादी काढून पाहिली. लिहिणारी सटवाई नव्हती. लिहिणारा एक कारकून होता, आणि त्याने शेतकऱ्याच्या बापाच्या नावात एक अक्षर चुकवले होते.

आपल्या लोकांना हे कपाळाला बोट लावणे कोणी शिकविले, असा प्रश्न निघाला की सुशिक्षितांच्या बैठकीत पौराणिक चित्रपटांकडे हमखास अंगुलिनिर्देश होतो. देव प्रकट होतात, शाप फळतात, मृत माणसे उठून बसतात. मग प्रेक्षक दैववादी होणार नाही तर काय? हा आरोप मला पूर्वी पटत असे. परंतु या चित्रपटांचा इतिहास थोडा बारकाईने पाहिला म्हणजे निराळेच काही दिसू लागते.

धुंडिराज गोविंद फाळके यांनी १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणला आणि तो प्रथम रोखला एका वाटाण्याच्या रोपावर. दाणा रुजला, कोंब फुटला, रोप वाढले. थोड्या थोड्या अवकाशाने एकेक चित्र घेत त्यांनी कित्येक दिवसांची ही वाढ घटकाभरात पडद्यावर दाखविली. काळ हाती घेऊन तो आवळता येतो, ही जाणीव त्या लहानशा प्रयोगात होती. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला, तेव्हा तोच कॅमेरा चमत्कार घडवीत होता. विश्वामित्राच्या अग्नीतून शक्तींच्या आकृती उठत होत्या आणि शेवटी देव अवतरत होता. यंत्र थांबवायचे, माणूस उभा करायचा, पुन्हा यंत्र चालवायचे. कीर्तनकाराने शब्दांनी उभे केलेले दैव येथे प्रथमच डोळ्यांना दिसले.

पण ते दैव होते कोणत्या जातीचे? हरिश्चंद्राचे राज्य जाते, पत्नी विकली जाते, पुत्र मरतो, स्मशानाची राखण पदरी येते. हे सारे आंधळ्या नियतीने केलेले नाही. ती परीक्षा आहे. तिला परीक्षक आहे आणि तिला शेवटही आहे. राजाच्या हाती एकच गोष्ट उरते, शब्द पाळायचा की मोडायचा. तेवढी मात्र कोणाच्याही कपाळी आगाऊ लिहिलेली नसते.

दुसऱ्याच वर्षी, १९१४ मध्ये, फाळक्यांनी 'सत्यवान सावित्री' काढला. सत्यवानाला एकच वर्षाचे आयुष्य आहे हे नारदाने सावित्रीला विवाहापूर्वीच सांगितले होते. म्हणजे ललाटलेख तिने वाचून, समजून पत्करला. आणि मग ती यमाच्या मागोमाग निघाली. तिने सासऱ्याची दृष्टी मागितली, राज्य मागितले, पित्याला पुत्र मागितले. शेवटी सत्यवानापासून स्वतःला शंभर पुत्र व्हावेत असे मागितले, आणि यमाने 'तथास्तु' म्हटले. आम्हां कचेरीतल्या लोकांना या कथेचे मर्म लवकर कळते. मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याने हुकमाचे शब्द नीट तपासले नव्हते! सावित्रीने नियम मोडला नाही. तिने तो यमापेक्षा अधिक काळजीपूर्वक वाचला.

हिच्याशेजारी दूरची एक बहीण ठेवून पाहावी. १९२१ साली जर्मनीत फ्रिट्झ लांग यांनी दैवावरचा एक विलक्षण चित्रपट काढला. पहिल्या महायुद्धात सुमारे २० लाख जर्मन सैनिक पडले होते. घराघरांत सावित्री होत्या, परतलेला सत्यवान नव्हता. या चित्रपटातील मृत्यू स्वतःच आपल्या कामाला कंटाळला आहे. त्याच्या दालनात असंख्य मेणबत्त्या तेवतात आणि प्रत्येक ज्योत म्हणजे एकेक आयुष्य. प्रियकराला परत मागणाऱ्या तरुणीला तो तीन ज्योती दाखवितो. त्यांतील एकही वाचविलीस तर तुझा माणूस तुला परत. बगदाद, व्हेनिस, चीन, तिन्ही ठिकाणी ती हरते. शेवटी दुसऱ्या कोणाचे आयुष्य मिळाले तर बदल करीन, असे मृत्यू म्हणतो. आगीने वेढलेल्या घरात एक तान्हे मूल तिच्या हाती येते. मृत्यू हात पुढे करतो. ती मूल त्याला देत नाही, आईला देते, आणि स्वतः प्रियकराच्या मागोमाग जाते. आपली सावित्री जिंकून परतली, ही हरली. तरी दोघींनी दैवापुढे उभे राहून स्वतःचा एक निर्णय घेतला आणि तो शेवटपर्यंत सोडला नाही.

मराठी बोलपटाचा आरंभही याच कथेने झाला. १९३२ साली कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीने व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली 'अयोध्येचा राजा' काढला. गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र झाले आणि दुर्गाबाई खोटे तारामती. त्याची हिंदी आवृत्तीही निघाली. पुढे कंपनी पुण्यास आली, आणि अवघ्या पाच वर्षांनी, १९३७ मध्ये, त्याच दिग्दर्शकाचा 'कुंकू' आला. नारायण हरी आपटे यांच्या कादंबरीवरील या चित्रपटात देव नाहीत, शाप नाहीत. एका तरुण मुलीचे फसवून वृद्ध विधुराशी लग्न लावले जाते आणि सारे तिला सांगतात, तुझ्या नशिबी होते. शांता आपटे यांनी रंगविलेली नीरा हे ऐकून घेत नाही. तिचे म्हणणे थोडक्यात असे, की हे नशिबाने केले नाही, माणसांनी केले.

ही उडी मला आकस्मिक वाटत नाही. यमाशी वाद घालणारी बाई ज्या प्रेक्षकाने वीस-पंचवीस वर्षे पाहिली होती, त्याला मामाशी आणि नवऱ्याशी वाद घालणारी बाई अगदीच परकी वाटण्याचे कारण नव्हते. एक भेद मात्र विसरून चालणार नाही. हरिश्चंद्राचे दुःख ज्याने दिले तोच ते परत घेण्यास येतो. सामान्य माणसाचे दुःख देणारा असा प्रकट होत नाही. त्याला दप्तरात शोधावे लागते. पौराणिक चित्रपटाची मर्यादा असेल तर ती येथे आहे: तो धैर्य शिकवितो, चौकशी शिकवीत नाही. ती 'कुंकू'ने शिकविली.

फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटाचे नशीब पाहा. त्याच्या चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे एवढीच उरली असे मानतात; आणि उरलेला भागही १९१७ साली पुन्हा चित्रित केलेल्या प्रतीतला असावा, असे काही अभ्यासकांचे मत आहे. त्या काळची फीत पेट घेणारी आणि काळाने झिजणारी असे. तरी हा नाश सगळाच दैवाच्या नावे घालता येणार नाही. पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले ते १९६४ साली, फाळक्यांच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी. मधल्या काळात जपण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती.

त्या वृद्ध शेतकऱ्याच्या नावातील अक्षर आम्ही दुरुस्त केले. यथावकाश रक्कम मिळाली. ती घेतानाही त्याने कपाळालाच बोट लावले आणि करमाचेच आभार मानले. मी वाद घातला नाही. मात्र निघताना त्याने यादीतले आपले नाव दुसऱ्या कोणाकडून दोनदा वाचून घेतले, आणि बापाचे नाव आले तेव्हा मान डोलावली.