अडलेला पहिला स्वर

लहानपणी पेटीच्या क्लासात मी वर्षभर 'सा'वरच बसून होतो. मास्तर म्हणायचे, "घाई काय आहे? दहा वर्षं लागतात!" तेव्हा मला ग्वीदो ठाऊक असता, तर!

हा अकराव्या शतकातला इटलीचा साधू. मठातली पोरं तेव्हा स्तोत्रं ऐकून ऐकून पाठ करीत. दहा वर्षांनीही गाणं कच्चंच! ग्वीदो नव्या रीतीनं शिकवू लागला, तर पोंपोझाच्या मठातल्या बंधूंच्याच पोटात दुखू लागलं. बिचारा आरेत्सोला गेला. तिथून १०३०च्या सुमारास त्यानं मित्राला, साधू मिकेलेला, पत्र लिहून युक्ती कळवली. संत योहानाचं एक लॅटिन स्तोत्र घ्यायचं. त्याचे पहिले सहा तुकडे एकेक स्वर चढत सुरू होतात. त्यांची आद्याक्षरं उचलायची : उत्, रे, मी, फा, सोल, ला. वर्षात, फार तर दोन वर्षांत, गवई तयार!

पण 'उत्' लांबवायला गेलं की जीभ 'त्'वर अडते. म्हणून सतराव्या शतकात इटलीत त्याचा 'डो' झाला. स्तोत्रात मागणं मोकळ्या गळ्याचं, आणि पहिलाच स्वर अडलेला!

माझा 'सा'ही अजून तिथंच आहे. त्याचं नाव बदलून भागेल, असं मात्र घरात कुणालाच वाटत नाही.