अडसर आणि कुलूप

जुन्या वाड्याचा दरवाजा आपण सर्वांनी पाहिला आहे. त्यास आतून लाकडी अडसर असे. रात्री तो भिंतीतल्या खोबणीतून ओढला, की बाहेरच्याची वाट बंद. हा बंदोबस्त फुकट मिळत नसे. बाहेरच्या भिंतींना झरोके मोजके. चोर आला नाही, पण ऊनवाराही आला नाही. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाला हत्तीने धडक देऊ नये म्हणून अणकुचीदार खिळे ठोकले होते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा घात केला तो पगारी गारद्यांनी, वाड्याच्या आतच. तरीही अडसराचा एक गुण आम्हांस मोठा वाटतो. तो सरकवणारा हात आतल्या माणसाचा असे.

कुलूप बाहेरून लागते, आणि किल्ली मालकाबरोबर जाते. न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यात कामगार माल चोरतील या भयाने नवव्या मजल्यावरचे एक दार कुलूपबंद ठेवीत. २५ मार्च १९११ रोजी तेथे आग लागली. १४६ जीव गेले, बहुतेक तरुण मुली. मालकांवर खटला झाला. ते निर्दोष सुटले.

आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्यात, मूळ ३८ व्या कलमात लिहिले होते, की खोलीत माणूस असेतो दार आतून सहज आणि तत्काळ उघडता आले पाहिजे. हे कलम आम्ही कामगारांच्या सभांत किती वेळा वाचून दाखविले असेल! पण दिवसा जे कामाचे ठिकाण, तेच रात्री ज्याचे घर, त्याच्या दाराकडे कोण पाहतो? ३० डिसेंबर २०१६ च्या पहाटे कोंढव्यात एका बेकरीत सहा कामगार दगावले. ९ मे २०१९ च्या पहाटे उरुळी देवाची येथे साड्यांच्या दुकानात पाच. दोन्ही ठिकाणी माणसे आत निजलेली, दार बाहेरून बंद.

आणि आपण तरी काय करतो? खिडक्यांना लोखंडी जाळ्या बसवितो, त्यांत उघडणारी चौकट ठेवीत नाही. गावी गेलो, की म्हाताऱ्या माणसाला आत ठेवून बाहेरून कुलूप घालणारेही आम्ही पाहिले आहेत.

गेल्या थंडीत शिवऱ्याजवळ, सातारा रस्त्यावरच्या एका दुकानात दोन पोरे निजत असत. आम्ही विचारले, "रात्री किल्ली कुणाकडं असते रे?"

"शेठकडं. सकाळी सातला येत्यात ते."